पावसाळ्यातील जनित्र : जोडणी करण्यापूर्वी

रोहिणीतील वादळी वळवापासून हस्ताच्या पावसापर्यंतचा काळ महाराष्ट्रातील ग्रामीण वीजपुरवठ्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतो, कारण या दिवसांत फांद्या तारांवर कोसळतात, खांब कलतात आणि चिखलामुळे दुरुस्तीची गाडी मळ्यापर्यंत पोहोचण्यास विलंब लागतो. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनच्या परिसरात धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर कोकणातील कित्येक गावे आठवड्यांमागून आठवडे अंधारात होती. बंदिस्त कुक्कुटशेडमधील पंखे थांबले तर काही मिनिटांतच पक्षी गुदमरू लागतात, आणि ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवावयाचे दूध शीतकरण थांबल्यावर फार काळ टिकत नाही. म्हणून मळ्यातील घरी जनित्र, म्हणजे जनरेटर, असणे ही आता चैन राहिलेली नाही. मात्र ते घराच्या वायरिंगला कसे जोडले आहे, यावर घरातील माणसांचे आणि खांबावर चढणाऱ्या वायरमनचे प्राण अवलंबून असतात.

सर्वांत घातक आणि दुर्दैवाने सर्वांत प्रचलित रीत अशी की, दोन्ही टोकांना पिन बसवलेली वायर घेऊन तिचे एक टोक जनित्रात व दुसरे घरातील १५ अँपिअरच्या सॉकेटमध्ये खुपसले जाते, आणि मेन स्विच बंद करण्याचे काम आठवणीवर सोडले जाते. ती आठवण एकदा जरी चुकली, तरी जनित्राची वीज मीटरमधून उलटी बाहेर पडते. यालाच वायरमन मंडळी ‘रिटर्न सप्लाय’ म्हणतात. रोहित्र, म्हणजे गावच्या बोलीतील डीपी, ११,००० व्होल्टचा दाब ४०० व्होल्टच्या आसपास उतरवते, परंतु त्याला दिशा कळत नाही : खालच्या बाजूने २३० व्होल्ट मिळाले, तर वरच्या बाजूस ते हजारो व्होल्ट उभे करते. शेजारच्या घरांचा भार येऊन जनित्र आपोआप बंद पडेल, हा समज विसंबण्याजोगा नाही, कारण वादळात तार तुटली असेल तेव्हा त्या तुकड्यावर दोनचारच घरे उरलेली असतात आणि लहान जनित्रही तो तुकडा जिवंत ठेवू शकते. वरचा पुरवठा तोडून निर्धास्तपणे तारेला हात लावणाऱ्या कामगाराला ही वीज खालून गाठते. शिवाय वायरीची मोकळी पिन सॉकेटबाहेर निसटली की ती उघडी आणि जिवंत असते, ओल्या अंगणात तर विशेष भयंकर. जनित्र असे जोडलेले असतानाच महावितरणचा पुरवठा अचानक परतला, तर दोन्ही विजांची लय जुळलेली नसल्याने जनित्राची वेटोळी जळण्याची वेळ येते.

यावर खात्रीचा उपाय एकच, आणि तो म्हणजे चेंजओव्हर स्विच. त्याचा दांडा एका बाजूस महावितरण, मध्यभागी बंद आणि दुसऱ्या बाजूस जनित्र अशा तीन जागी फिरतो, आणि त्याची रचनाच अशी असते की दोन्ही पुरवठे एकाच वेळी जोडले जाऊ शकत नाहीत. माणूस कितीही घाईत, अंधारात वा भिजलेला असला तरी. सिंगल फेज घरासाठी दोन पोलचा आणि थ्री फेजसाठी चार पोलचा स्विच घ्यावा, कारण फेजबरोबर न्यूट्रल तारही तोडली जाणे आवश्यक असते. केवळ सिंगल पोल एमसीबी खाली पाडल्याने न्यूट्रल जोडलेलीच राहते आणि तिच्यातून धोका बाहेर जाऊ शकतो. हा स्विच मीटर व मेन स्विच यांच्या पुढे, घरातील फ्यूजबोर्डाच्या आधी बसतो. हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. गावातील हुशार मुलाने ते केले म्हणून वीज त्याला सवलत देत नाही.

चेंजओव्हरने न्यूट्रल तोडली की जनित्राला स्वतःचा आधार लागतो. म्हणून जनित्राची न्यूट्रल त्याच्या स्वतंत्र अर्थिंगला एकाच ठिकाणी जोडलेली असावी आणि सांगाडाही अर्थिंगला बांधलेला असावा, अन्यथा गळती होणारी वीज हेरून पुरवठा तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी हे उपकरण जनित्रावर कामच करीत नाही. थ्री फेज जोडणीत न्यूट्रलचा पेच ढिला राहिला, तर एखाद्या फेजवर दाब ४०० व्होल्टकडे सरकून फ्रीज, दिवे आणि इनक्युबेटर जळतात. घराचे आणि पंपाचे मीटर वेगळे असल्यास दोन्ही न्यूट्रल एकमेकांस कधीही जोडू नयेत.

छतावर महावितरणच्या जाळ्याशी जोडलेला सौर संच असल्यास आणखी एक सावधगिरी हवी. अशा संचाचा इन्व्हर्टर वीज गेल्यावर आपोआप थांबतो, परंतु जनित्राच्या विजेला तो जाळ्याचीच वीज समजून पुन्हा सुरू होऊ शकतो आणि छोट्या जनित्राकडेच वीज ढकलू लागतो. तेव्हा जनित्र चालू असताना सौर इन्व्हर्टर वेगळा करून ठेवावा.

क्षमतेचा हिशेबही जोडणीइतकाच महत्त्वाचा आहे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, म्हणून ५ अश्वशक्तीची मोटर चालताना, तिच्यातील नुकसान धरून, साधारण साडेचार किलोवॅट घेते, पण थेट स्टार्टरवर सुरू होताना ती नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढते. त्यामुळे ५ केव्हीएचे जनित्र तिला उचलू शकत नाही. आधी मोटर, मग दिवे असा क्रम ठेवावा. थ्री फेज मोटर जनित्रावर उलटी फिरून पाणी कमी देत असेल, तर फेजचा क्रम बदललेला असतो. जनित्र बंद करून त्याच्या बाजूच्या कोणत्याही दोन फेज वायरमनकडून आपसात बदलून घ्याव्यात.

जनित्र घरात, पडवीत किंवा चारा ठेवलेल्या गोठ्यात चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नसतो, वासही नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. दारेखिडक्यांपासून निदान २० फूट दूर, उंच ओट्यावर, वर पत्रा पण चारही बाजू मोकळ्या अशी जागा करावी, आणि इंधन भरताना इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे.

मृग लागण्यापूर्वी एकदा पुरवठा बंद करून चेंजओव्हरचा दांडा दोन्ही बाजूंना फिरवून पाहावा, गंजलेले पेच आवळून घ्यावेत, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे आणि जनित्र भार देऊन अर्धा तास चालवावे. मीटरच्या पेटीवर ‘येथे जनित्र आहे’ अशी ठळक पाटी लावावी आणि विभागाच्या वायरमनला तसे प्रत्यक्ष सांगून ठेवावे, म्हणजे वादळानंतर त्या वस्तीची तार हातात घेण्यापूर्वी तो आधी तिची तपासणी करील.