रब्बी कांदा: उशिराचा युरिया टाळा

थेरगावात आता शेती शोधावी लागते. केजुदेवी बंधाऱ्यापासून डांगे चौकापर्यंत इमारतीच आहेत. पण इथल्या घरांत शिजणारा इंद्रायणी तांदूळ मावळच्या खाचरांतला आणि कांदा बराचसा चाकण-खेडकडचा. हा सल्ला त्या कांदा उत्पादकांसाठी आहे.

2025 मध्ये मान्सून 26 मे रोजीच पुण्यात पोहोचला, नेहमीपेक्षा जवळपास दोन आठवडे आधी. त्याआधीच्या अवकाळीने काढणी झालेला कांदा शेतातच भिजवला. एका वर्षाच्या पावसाचं खापर हवामान बदलावर फोडता येत नाही. मात्र हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवते आणि मग पाऊस पडतो तो धो धो. कोळसा, तेल आणि गॅस जाळल्याचा हा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही. तो भरतो शेतकरी.

चाकणच्या कारखान्यांकडे बोट दाखवणं सोपं आहे, आणि ते चूकही नाही. पण युरियाची गोणीसुद्धा गॅसपासूनच बनते. भारत आपल्या गरजेचा जवळपास निम्मा गॅस आयात करतो. 45 किलोची गोणी 266 रुपयांच्या आसपास मिळते ती अनुदानामुळे. पिकाने न घेतलेल्या नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, आणि हा वायू किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट उष्णता अडवतो.

राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या शिफारशीनुसार रब्बी कांद्याला हेक्टरी 110 किलो नत्र लागतं. म्हणजे एकरी 44 किलो, युरियाच्या दोन गोण्यांहून जरासं जास्त. 10:26:26 देणार असाल तर त्यातलं नत्र यातून वजा करा. साधारण एक तृतीयांश लागवडीला द्या, उरलेलं 30 आणि 45 दिवसांनी दोन हप्त्यांत. साठ दिवसांनंतर मात्र नत्र नको. पात हिरवीगार दिसते म्हणून मोह होतो, पण माना जाड होतात आणि असा कांदा चाळीत आधी सडतो. गोणीचे पैसे जातात ते जातातच, वर मालही जातो.

डिझेल इंजिनावर पाणी देत असाल तर लिटरमागे सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. खिशाचं तुम्हाला ठाऊकच आहे. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा पंप मिळतो. अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावरच करा, मध्यस्थाला पैसे देऊ नका.

निम्म्या माना पडल्या की काढणी करा, पण आधी हवामान विभागाचा अंदाज पाहा. पातीसकट तीन दिवस शेतात सुकवा, दोन-अडीच सेंटीमीटर मान ठेवून पात कापा आणि मग दहा-बारा दिवस सावलीत ठेवा. पावसाची चिन्हं असतील तर कांदा लगेच छपराखाली न्या. जाड मानेचा माल चाळीत भरू नका. तो आधी चाकणच्या बाजारात विकून मोकळे व्हा.