गाणाऱ्या नटाची कंपनी

"मॅडम, आवाज गोड आहे, नाटकाचं वेड आहे, सगळं खरं. पण पुढे पोटाचं काय?"

बारावीचे निकाल लागले की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. बहुतेक वेळा आई विचारते आणि वडील गप्प बसून उत्तराची वाट बघतात. प्रश्न रास्त आहे. ‘आवड असली की सगळं जमतं’ असं सांगून कुणाची बोळवण करणं मला पटत नाही. संगीत नाटकात उतरू पाहणाऱ्या मुलांच्या पालकांना मी आधी जुन्या नाटक कंपनीबद्दल सांगते.

१९०५ साली सतरा वर्षांचा नारायण राजहंस किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला. पुढे तो बालगंधर्व झाला, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याला कंपनीत काय मिळालं, याकडे मात्र आपलं लक्ष जात नाही. राहायला बिऱ्हाड, जेवायला पंगत, भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाची तालीम आणि उभं राहायला रंगमंच. आजच्या प्रयोगात चूक झाली तर ती सुधारायला पुढचा प्रयोग फार लांब नसे. शिक्षण, भाकरी आणि प्रयोग, तिन्ही एकाच छपराखाली.

ती कंपनी आता राहिलेली नाही. आजच्या मुलामुलींना या तिन्ही गोष्टी तीन ठिकाणांहून गोळा कराव्या लागतात. करिअरची पहिली पाच-सात वर्षं ही जमवाजमव करण्यातच जातात, आणि तिथे घरच्यांचा हात लागतो.

आधी शिक्षणाचं बोलू, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. गाणं येतं आणि अभिनय येतो, म्हणजे संगीत नाटक येतं, असं नव्हे. माझ्या एका कार्यशाळेत गाण्यात विशारद झालेली एक मुलगी आली होती. बैठकीत बसून पद इतकं सुरेख म्हणाली की सगळे गप्प झाले. मी तिच्यासमोर परडीभर शेवंती आणि सुई-दोरा ठेवला. म्हटलं, आता हेच पद हार ओवता ओवता म्हण. दुसऱ्याच ओळीला सुई अडली. तानेसाठी हात थांबले, हात थांबल्यावर डोळे मिटले. समोर गायिका उरली, पात्र कधीच निघून गेलं होतं. आठवडाभर ती रोज तेच करत राहिली. शेवटी तिनं स्वतःच तान निम्मी केली आणि श्वासाची जागा बदलली. परडीतून फूल उचलायला वाकायचं आणि तिथेच श्वास भरून घ्यायचा. त्या दिवशी पहिल्यांदा आम्हाला हार दिसला, ती कुणासाठी ओवतेय तेही दिसलं, आणि सूर कुठे हलला नाही. या विद्येचा शिकवणीवर्ग कुठे नाही. ती तालमीतच येते.

म्हणून पाया चौफेर हवा. गुरूकडे नियमित गाणं हवंच. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी शिस्त लागते. त्याच्या जोडीला वाचिक अभिनय, थोडा तबला आणि शरीर मोकळं करणारं एखादं नृत्य. पदवी घ्यायची तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, गोव्यात कला अकादमी आहे. पदवीनंतर मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रमही आहे.

मुलग्यांच्या आईवडिलांना एक कळकळीची विनंती. आवाज फुटायच्या वयात त्याला स्पर्धेच्या मंचावर ढकलू नका. त्या काळात जुन्या पट्टीचा हट्ट सोडायचा, खालच्या सुरांत थोडंच गायचं, पेटीवर हात बसवायचा, भरपूर ऐकायचं. आवाज स्थिरावेपर्यंत थांबायचं. आणि मुलगा असो वा मुलगी, घसा दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर मध-हळदीवर दिवस काढू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

आता भाकरी. व्यावसायिक नाटकात पैसे प्रयोगामागे मिळतात. आम्ही त्याला ‘नाइट’ म्हणतो. एखाद्या महिन्यात बारा प्रयोग लागतात, पुढच्या महिन्यात एकही नाही. तालमीच्या दिवसांचे पैसे बहुधा मिळत नाहीत. हे आधीच मान्य करून दुसरी मिळकत उभी करायला हवी: गाण्याच्या शिकवण्या, नाट्यसंगीताचे कार्यक्रम, डबिंग, शाळेत संगीतशिक्षकाचं काम. यात कमीपणा काहीच नाही. वसंतराव देशपांड्यांनी लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं नोकरी केली; १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकातले खाँसाहेब ते झाले, तेव्हा त्यांचं वय सत्तेचाळीस होतं. प्रशांत दामल्यांनीही बेस्टमध्ये नोकरी केली आहे.

शिष्यवृत्त्यांची माहिती पुष्कळ पालकांना नसते. १० ते १४ वयाच्या मुलांसाठी सीसीआरटी या केंद्राच्या सांस्कृतिक संस्थेची शिष्यवृत्ती आहे. १८ ते २५ वयाच्या कलाकारांना केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची शिष्यवृत्ती मिळते, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. अर्ज करण्याआधी त्या वर्षीचे नियम तेवढे बघून घ्या. मूल चौदा वर्षांच्या आतलं असेल आणि काम करत असेल, तर केंद्राच्या नियमांनुसार दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही, आणि कमाईचा किमान २० टक्के हिस्सा मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. हे निर्मात्याला विचारायला लाजू नका.

राहिले प्रयोग. माझ्या मते पहिल्या पाच वर्षांत भूमिकेच्या लांबीपेक्षा प्रयोगांची संख्या मोलाची. राज्य संगीत नाट्य स्पर्धेतल्या हौशी संस्थांना गाणारी तरुण मुलं हवीच असतात. कॉलेजात असाल तर पुण्यात फिरोदिया करंडक आहे, जिथे नाट्य, गायन, नृत्य, चित्रकला एकाच प्रयोगात गुंफावी लागतात. आणि ‘संगीत नाटक संपलं’ असं कुणी म्हणालं तर हे सांगा: २०१० साली राहुल देशपांड्यांना घेऊन ‘कट्यार’ पुन्हा उभी राहिली. २०१७ साली आलेल्या ‘संगीत देवबाभळी’त मंचावर दोनच बायका होत्या, आवली आणि लखुबाई, आणि ते नाटक शेकडो प्रयोग चाललं. फिरोज अब्बास खान यांनी २०१६ साली ‘मुघल-ए-आझम’ रंगमंचावर आणलं, तेव्हा प्रत्यक्ष गाणारी अनारकली होती पुण्याची प्रियांका बर्वे.

मालिकेचं बोलावणं आलं तर? पैसे मिळतील, चेहरा घरोघरी पोचेल. पण रोज बारा-तेरा तास सेटवर गेले की रियाझ सुटतो, आणि विशीत सुटलेला रियाझ तिशीत परत धरणं अतिशय जड जातं. घरची निकड नसेल तर पहिली तीन-चार वर्षं मालिकेपासून दूर राहावं, असंच मी सांगेन.

पाच वर्षांनी हिशेब जरूर मांडा, पण बक्षिसांचा नको, वर्तमानपत्रातल्या फोटोंचाही नको. एकदा काम केलेल्या दिग्दर्शकानं दुसऱ्यांदा बोलावलं का, एवढंच बघा. बोलावणी येत असतील तर मुलाला आणखी वेळ द्या. एकही येत नसेल तर शांतपणे समोर बसून बोला. गळ्यातलं गाणं आणि हातातली पदवी कुठे जात नाही.

आणि हे सगळं ठरवण्याआधी एक करा. तुमच्या गावाजवळ संगीत नाट्य स्पर्धेची फेरी असेल तेव्हा मुलाला घेऊन जा आणि नाटक पूर्ण बघा. पडदा पडला की त्याला घेऊन विंगेत जा. ऑर्गनवर बसलेल्यांना नमस्कार करा आणि विचारा, पुढची तालीम कुठे आहे, याला येऊन बसू द्याल का.