ऐकण्यापासून बोलण्यापर्यंत : बालकाची भाषा आणि भिलाईचा वर्ग

छत्तीसगढच्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे नाव स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना पोलाद कारखान्यामुळे परिचित असते. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात फेब्रुवारी १९५५ मध्ये करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. करार झाला तेव्हा हा प्रदेश ज्या मध्य प्रदेशात मोडत होता, त्याची राजधानी नागपूर होती. कारखान्याबरोबर देशाच्या निरनिराळ्या भागांतून तेलुगू, बंगाली, मल्याळी, ओडिया, पंजाबी आणि मराठी भाषक कुटुंबे येथे स्थायिक झाली. आजूबाजूच्या खेड्यांची भाषा मात्र छत्तीसगढी होती आणि आजही आहे. त्यामुळे भिलाईतील अनेक मुलांच्या कानावर घरात एक, अंगणात दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा पडत आली. मूल बोलते कसे होते आणि बोलता येत असूनही गप्प का होते, हे समजून घेण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

सर्वसाधारणपणे सहाव्या महिन्याच्या सुमारास मूल बडबडू लागते, वर्षाच्या आसपास पहिला अर्थपूर्ण शब्द उच्चारते आणि दीड ते दोन वर्षांत दोन शब्द जोडते. या सर्व काळात त्याचे आकलन त्याच्या उच्चाराच्या बरेच पुढे असते. आणखी महत्त्वाचे म्हणजे मूल केवळ अनुकरण करीत नाही, ते नियम शोधते. मराठी घरातील तीन वर्षांचे मूल ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणते. हा शब्द त्याने कोणा मोठ्या माणसाकडून ऐकलेला नसतो. ‘बसलं’, ‘पडलं’ यांवरून त्याने तो स्वतः घडविलेला असतो. अमेरिकी संशोधिका जीन बर्को यांनी १९५८ मध्ये ‘वग’ हा निरर्थक शब्द मुलांपुढे ठेवला आणि मुलांनी त्याचे अनेकवचन बिनचूक केले. बी. एफ. स्किनर यांच्या सवयीवर आधारलेल्या उपपत्तीवर नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये केलेली प्रसिद्ध टीका याच मुद्द्याभोवती फिरते. लेव्ह वायगॉट्स्की यांनी भाषेची मुळे सामाजिक संवादात शोधली : मूल आधी इतरांशी बोलते, मग स्वतःशी मोठ्याने बोलते आणि अखेरीस ते बोलणे मनातल्या मनात जाऊन विचाराचे रूप घेते.

आता पहिलीच्या वर्गाची कल्पना करावी. शिक्षिका टोमॅटोचे चित्र दाखवून नाव विचारते. खेड्यातून आलेले मूल ‘पताल’ असे उत्तर देते. छत्तीसगढीत हे अगदी बरोबर आहे. अपेक्षित उत्तर ‘टमाटर’ असल्याने शिक्षिका मान हलविते आणि प्रश्न पुढच्या मुलाकडे जातो. असे चार-पाच वेळा घडले, की मूल हात वर करणे सोडते. प्रगतिपुस्तकात मग ‘भाषिक क्षमता कमी’ असा शेरा येतो. वस्तुतः त्या मुलाला वस्तू ठाऊक होती, शब्दही ठाऊक होता.

शब्दांपेक्षा व्याकरणाची अडचण अधिक खोल असते. हिंदीत क्रियापद लिंगानुसार बदलते. छत्तीसगढीत ‘टूरा जाथे’ आणि ‘टूरी जाथे’, म्हणजे मुलगा जातो आणि मुलगी जाते, दोन्हीकडे क्रियापद एकच. ‘मोर घर’, ‘मोर किताब’ यांतही ‘मेरा’ आणि ‘मेरी’ असा भेद नाही. छत्तीसगढीत ‘दाई भात खाइस’ एवढे पुरते. हिंदीत ‘माँ ने भात खाया’ म्हणताना ‘ने’ तर लावावा लागतोच, शिवाय क्रियापद आईला सोडून भाताच्या मागे जाते. सहा वर्षांच्या मुलाला हे विचित्र वाटले, तर दोष त्याचा नव्हे. मराठी घरातील मुलाचा घोटाळा वेगळ्या ठिकाणी होतो. ‘मी भात खाल्ला’ या वाक्यात ‘ने’ नसतो, म्हणून ते हिंदीत सहजपणे ‘मैं भात खाया’ म्हणते. मराठीतील नपुंसकलिंगी ‘पुस्तक’ हिंदीत स्त्रीलिंगी होते, आणि ‘शिक्षा’ या शब्दाने तर मराठी कानाला पहिल्या दिवशी धडकीच भरावी! या प्रत्येक चुकीमागे घरच्या भाषेचा एक पक्का नियम उभा असतो. जाणत्या शिक्षकाला चुकांवरून मुलाची भाषा ओळखता यावी.

दुसरी भाषा शिकणारे मूल प्रारंभी काही आठवडे किंवा महिने जवळजवळ बोलत नाही. स्टीफन क्रॅशेन यांनी या अवस्थेला मौनकाळ म्हटले. या काळात मूल ऐकत आणि साठवत असते; त्याला बोलण्याची सक्ती केल्यास भीती वाढते. जिम कमिन्स यांनी केलेला भेदही येथे उपयोगी आहे. खेळाच्या मैदानावरील बोलीभाषा साधारण दोन वर्षांत येते, परंतु पाठ्यपुस्तकाची अमूर्त भाषा पेलण्यास पाच ते सात वर्षे लागू शकतात. मधल्या सुटीत फाडफाड हिंदी बोलणारे मूल गणिताच्या शाब्दिक उदाहरणापाशी का अडते, याचे उत्तर या अंतरात आहे.

दीर्घकाळ ऐकण्यातून किती समर्थ अभिव्यक्ती उभी राहते, याचा दाखला भिलाईच्या परिसरातच मिळतो. पंडवानी गायिका तीजनबाई जवळच्या गनियारी गावच्या. औपचारिक शालेय शिक्षण त्यांना लाभले नाही. मातामह ब्रिजलाल यांच्या तोंडून महाभारताच्या कथा त्या लहानपणी ऐकत राहिल्या आणि त्या त्यांना मुखोद्गत झाल्या. उभे राहून, हावभावांसह गायची कापालिक शैली त्या काळी पुरुषांची मानली जात असे. ती त्यांनी आपलीशी केली. पुढे त्यांनी भिलाई पोलाद कारखान्यात नोकरीही केली. त्यांना २००३ मध्ये पद्मभूषण आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण हे सन्मान मिळाले. त्यांची कथनभाषा छत्तीसगढीच राहिली. पहिलीच्या चित्रपरीक्षेत त्या काय म्हणाल्या असत्या, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

घटनात्मक तरतुदींचा विचार करताना येथे एक सूक्ष्म मुद्दा लक्षात घ्यावा लागतो. सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ मध्ये समाविष्ट झालेला अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याविषयी आहे. भिलाईतील तेलुगू किंवा मराठी मूल त्याच्या कक्षेत येते. छत्तीसगढी मूल मात्र आपल्या राज्यात अल्पसंख्याक नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ६२ लाख व्यक्तींनी छत्तीसगढी ही मातृभाषा नोंदविली, पण तिची गणना हिंदीच्या गटात झाली. म्हणजे कागदोपत्री हे मूल मातृभाषेतूनच शिकत असते! छत्तीसगढीला २००७ मध्ये राज्याने राजभाषेचा दर्जा दिला. आठव्या अनुसूचीतील २२ भाषांमध्ये तिचा समावेश नाही.

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २९ मध्ये शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे, असे म्हटले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ‘घरची भाषा’ हा शब्द वापरून किमान पाचवीपर्यंत, आणि शक्यतो आठवीपर्यंत, तिचा आग्रह धरला. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचन व अंकज्ञान यावे, यासाठी २०२६-२७ ही मुदत ठरविली. वाचनाचा पाया बोलण्यावर उभा असल्याने या उद्दिष्टाचा कस भिलाईसारख्या मिश्रभाषक वर्गांतच लागतो.

‘या बोलीला व्याकरण कोठे आहे’, हा आक्षेप जुना आहे. हिरालाल काव्योपाध्याय यांनी छत्तीसगढीचे व्याकरण १८८५ मध्येच सिद्ध केले होते आणि जॉर्ज ग्रिअर्सन यांनी १८९० मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. खरी उणीव वर्गात आहे. शिक्षिकेने ‘पताल’ हे उत्तर स्वीकारून फळ्यावर लिहिले आणि शेजारी ‘टमाटर’ लिहिले, तर त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. मात्र ‘पताल’ म्हणजे काय, हे तिला ठाऊक असावे लागते. शिक्षक भरतीच्या निकषांत मुलांच्या घरभाषेच्या ज्ञानाला किती गुण द्यावेत, हा प्रश्न म्हणूनच प्रशासनाच्या कक्षेत येतो.