झेपेचे शिक्षण

पुण्याच्या शिवाजीनगर भागात राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे श्वान-प्रशिक्षण केंद्र आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या सेवेत दाखल झालेल्या अनेक कुत्र्यांनी आपले पहिले धडे तेथे गिरवले आहेत. पोलिसांच्या प्रात्यक्षिकांत असे कुत्रे धावत येऊन आडव्या काठीवरून झेपावतात, उभ्या कड्यातून पार होतात आणि दुसऱ्याच क्षणी आपल्या शिक्षकाच्या पायाशी येऊन स्तब्ध बसतात. टाळ्या पडतात त्या झेपेला. जाणकाराची नजर मात्र त्या बसण्यावर असते. कारण बसणे त्या प्राण्याला आधी शिकवलेले असते, उडी त्यानंतर.

याच केंद्रात ‘झंजीर’ नावाचा एक लॅब्रॅडॉर शिकला. डिसेंबर १९९२ मध्ये तो मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात रुजू झाला, तेव्हा त्याला पुरते एक वर्षही झाले नव्हते. तीनच महिन्यांनी, १२ मार्च १९९३ रोजी, मुंबई शहर बॉम्बस्फोटांनी हादरले. त्या काळात झंजीरने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब हुडकून काढल्याची नोंद आहे. नोव्हेंबर २००० मध्ये हाडाच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना देऊन निरोप दिला. स्फोटकांचा वास येताच अशा कुत्र्याने काय करावयाचे असते? त्यावर झेप घ्यावयाची नसते, पंजाने उकरावयाचे नसते. मुकाट्याने खाली बसावयाचे असते. तेथे एक अनावर उडी म्हणजे त्याचा स्वतःचा, त्याच्या हस्तकाचा आणि आसपासच्या कित्येकांचा अंत.

घरच्या कुत्र्याच्या माथी एवढी मोठी जबाबदारी नसते. तथापि त्याला उड्या शिकवावयाच्या असतील, तर क्रम हाच ठेवावा लागतो. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ आणि ‘सोड’ या चार आज्ञा ज्याला कळत नाहीत, त्याच्या हाती खेळ देणे म्हणजे लगामावाचून घोडा सोडणे होय. फेकलेली वस्तू वाऱ्याने भरकटून कर्वे रस्त्यासारख्या वाहत्या रस्त्यावर गेली, तर कुत्रा वाहने पाहत नाही. तो फक्त ती वस्तू पाहतो. त्या क्षणी त्याला वाचवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे ‘थांब’ हा शब्द.

उडीचे दुसरे संकट कुत्र्याच्या शरीरातच दडलेले असते. माणसाच्या हाताला गळ्याच्या हाडाचा, म्हणजे हसळीचा, आधार असतो. कुत्र्याचे पुढचे पाय मात्र केवळ स्नायूंनी छातीशी जोडलेले असतात. शरीराच्या भाराचा मोठा वाटा याच पायांवर पडतो आणि उडीवरून उतरताना पहिला दणकाही त्यांनाच सोसावा लागतो. त्यातून पिल्लू असेल तर विशेष जपावे लागते. त्याच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचा मऊ थर असतो व हाड तेथूनच लांब होत जाते. लहान चणीच्या कुत्र्यांत हा थर साधारण वर्षाच्या आत टणक होतो. लॅब्रॅडॉर किंवा अल्सेशियन यांसारख्या मोठ्या कुत्र्यांना सव्वा ते दीड वर्ष लागते. तोवर उंच उड्या घेतल्यास त्या थराला इजा होऊन पाय जन्माचा वाकडा होऊ शकतो. पिल्लाचा उत्साह अपार असतो, म्हणून त्याची हाडेही तयार आहेत असे समजणे ही फार मोठी चूक आहे. कुत्रा आपल्या धन्याच्या आनंदासाठी दुखऱ्या पायानेही उडी घेतो. ‘आज नको’ असे म्हणणे त्याला येत नाही. ते धन्यानेच म्हणावे लागते.

म्हणून शहाणा शिक्षक पहिली काठी जमिनीवरच ठेवतो. कुत्र्याने ती नुसती ओलांडावी, एवढेच त्या दिवसाचे काम. ओलांडताच शाबासकी आणि चपातीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा. (चॉकलेट आणि मनुका यांचा खाऊ कधीही देऊ नये, कुत्र्याला ते विषासारखे बाधतात.) काही दिवसांनी काठी त्याच्या घोट्याइतकी वर घ्यावी, वय भरल्यावर कोपराइतकी, आणि घरच्या खेळात खांद्याच्या वर तिला कधीच जाऊ देऊ नये. ती खुंट्यांवर नुसती टेकवलेली असावी, म्हणजे पाय लागताच खाली पडेल. काठी पक्की बांधणारा शिक्षक कुत्र्याचा पाय मोडण्याची तजवीज करतो, असेच म्हटले पाहिजे. जमीन मऊ मातीची किंवा हिरवळीची हवी. इमारतीच्या वाहनतळाचे सिमेंट, अंगणातील गुळगुळीत फरशी आणि वेताळ टेकडीचा मुरमाड उतार ही तिन्ही ठिकाणे फिरावयास चांगली असली, तरी उडीला वाईट.

आता तबकडीच्या खेळाकडे वळू. फ्रिस्बी नावाची ही उडती तबकडी १९५७ पासून अमेरिकेत विकली जाऊ लागली. पुढे ५ ऑगस्ट १९७४ रोजी लॉस एंजेलिस शहरात बेसबॉलचा एक मोठा सामना चालू असताना ॲलेक्स स्टीन नावाचा एक तरुण आपल्या कुत्र्यासह कुंपण ओलांडून थेट मैदानात उतरला. कुत्र्याचे नाव ॲश्ली व्हिपेट. तो वाऱ्यासारखा धावे आणि माणसाच्या डोक्याहून उंच झेपावून तबकडी तोंडात झेली. खेळाडू खेळ विसरले, सामना काही मिनिटे थांबला. स्टीनला पोलिसांनी धरले ते धरलेच. परंतु हा खेळ त्या दिवसापासून लोकांच्या मनात भरला, आणि पुढे त्याच्या स्पर्धा होऊ लागल्या. व्हिपेट ही सडपातळ, लांब पायांची शिकारी जात आहे. आपल्याकडील मुधोळ कुत्रा बांध्याने काहीसा तसाच. परंतु प्रत्येक कुत्रा व्हिपेट नसतो. आखूड पायांच्या व लांब पाठीच्या डॅशहाउंडचा कणा उड्यांनी दुखावतो, आणि चपट्या नाकाच्या पगला थोड्या धावण्यानेच धाप लागते. गल्लीतला आपला गावठी कुत्रा या खेळात पुष्कळांना मागे टाकील, असा तो चपळ असतो.

तबकडी प्रथम उडवू नये. ती उलटी ठेवून तिच्यात कुत्र्याला खाऊ घालावे, म्हणजे तिची ओढ लागते. मग ती चाकासारखी जमिनीवर घरंगळत सोडावी. धावत जाऊन ती पकडणे आणि परत आणून ‘सोड’ म्हणताच सोडणे हे जमले, की गुडघ्याच्या उंचीने, अगदी सपाट अशी थोड्या अंतरावर फेकावी. कठीण प्लॅस्टिकची तबकडी दात व हिरड्या दुखावते. रबराची किंवा कापडाची मऊ तबकडी घ्यावी.

या खेळात कुत्र्याहून अधिक शिकावे लागते ते फेकणाऱ्याला. तबकडी कुत्र्याच्या पुढे, तो ज्या दिशेने धावतो आहे त्याच दिशेला पडली, तर तो सहज झेप घेऊन चारी पायांवर उतरतो. ती त्याच्या डोक्यावर किंवा पाठीमागे गेली, की तो हवेतच अंग पिळवटतो आणि कधी मागच्या दोन पायांवर, कधी पाठीवर आदळतो. गुडघ्याचे स्नायुबंध तुटतात ते बहुधा अशाच वेळी. पाहणारे अशा झेपेला ‘वाहवा’ म्हणतात. खरे तर ती फसलेली फेक असते.

राहिला प्रश्न वेळेचा. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ३८ ते ४० अंशांच्या घरात जातो. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा मुख्य उपाय. त्याच्या अंगाचे तापमान एरवी ३८ ते ३९ अंश असते. ते ४१ च्या वर चढले तर जीव धोक्यात येतो. म्हणून उन्हाळ्यात खेळ सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर खेळावा. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची पाठ पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. ती भाजली तर कुत्र्याचे तळवेही भाजणार. भरल्या पोटी उड्या नकोत, आणि प्यायला पाणी जवळच हवे. जीभ लांब व रुंद होऊन लोंबू लागली, कुत्रा सावली शोधू लागला, उतरताना एखादा पाय उचलून धरू लागला, की तेथेच थांबावे. पाय दुसऱ्या दिवशीही टेकत नसेल, तर पशुवैद्याला दाखवावे.

दहा मिनिटांचा खेळ बहुतेक कुत्र्यांना पुरतो. चांगला शिक्षक कुत्रा थकण्याची वाट पाहत नाही. तो अजून शेपटी हलवीत, डोळे लावून उभा असतो, तेव्हाच तबकडी पिशवीत जाते. मग सावलीत बसवून त्याचे चारही तळवे उलटून पाहावयाचे, काटा-खडा रुतला असल्यास काढावयाचा, आणि धाप बसल्यावर गळपट्ट्याला साखळी अडकवून सावकाश घरी चालत न्यावयाचे.