सुटलेल्या जिभेची शाळा

१. शस्त्रक्रिया हा या प्रकरणातला सगळ्यात छोटा भाग. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तपासणीला येतं. त्यातल्या डॉक्टरांनी लेकाला जीभ बाहेर काढायला लावली, तर शेंडा मधोमध आत ओढला गेला आणि जिभेला पत्त्यातल्या बदामाचा आकार आला. जिभेखालची पट्टी आखूड होती. पुण्यात भूल देऊन ती सोडवली. मोजक्या मिनिटांचं काम. वेल्ह्याची एसटी गाठेपर्यंत पोरगं घडाघडा बोलायला लागेल, अशी माझी भाबडी अपेक्षा. शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "आई, घयी कधी जायचं?"

२. पट्टी कापता येते, सवय कापता येत नाही. त्याची जीभ एवढी वर्षं खालीच बसून कारभार बघत होती. वर जाता येत नाही म्हणून 'र'चं काम 'य'वर भागवायचं, दातांत अडकलेला भात बोटाने काढायचा. मोकळी झाली म्हणून ती आपणहून वर कशाला जाईल? वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी आरशासमोरचे व्यायाम दिले. तोंड उघडं ठेवून शेंडा वरच्या दातांमागच्या उंचवट्यावर टेकवायचा, वरच्या ओठावर काकवीचा थेंब लावून तो चाटायचा. अट एकच : हनुवटी हलता कामा नये. मी शिकवायच्या ऐटीत शेजारी उभी राहिले. "आई, तुझीच हलतेय," लेक म्हणाला. हलत होती.

३. घरातली मोठी माणसं हे व्यायाम जन्मभर करत आली आहेत, फक्त कागदावर लिहून देत नाहीत. अख्खी जीभ टाळूला चिकटवायची, खालची पट्टी ताणली जाईल इतपत तोंड उघडायचं आणि जीभ खाडकन सोडायची, असा एक व्यायाम होता. मी तो वाचून दाखवत होते. ओसरीवरून आबांनी विचारलं, "म्हणजे हे का?" आणि भाताच्या खाचरात चिखलणीच्या वेळी बैलांना चालतं ठेवायला काढतात तो 'टॉक टॉक' आवाज काढला. अगदी तोच व्यायाम! पुढे माझी शिकवणी बंद पडली आणि आजा-नातवाची सुरू झाली. लेकाचा पहिला खणखणीत 'टॉक' निघाला, तेव्हा गोठ्यात रवंथ करत बसलेला आमचा म्हातारा बैल नाइलाजाने उठून उभा राहिला. एवढी खात्रीची पोचपावती मला कुठल्याच तपासणीत मिळाली नाही.

४. दोष शोधायची आपल्याला केवढी घाई! सासूबाई हळूच म्हणाल्या, "गुटीत वेखंड मीच उगाळायचे. कमी पडलं का गं?" मला उलटीच शंका होती, गरोदरपणात माझंच काहीतरी चुकलं असणार. डॉक्टरांनी दोघींना एकदमच मोकळं केलं : ही पट्टी पोटातच तयार होते, वेखंडाने ती लांबही होत नाही आणि आखूडही.

५. शाळेच्या भिंतीवरचा मुळाक्षरांचा तक्ता हा तोंडाचा नकाशा आहे, हे मला या वयात कळलं. क-वर्ग कंठाशी, च-वर्ग टाळूला, ट-वर्ग त्याहून वर मूर्ध्याशी, त-वर्ग दातांशी, प-वर्ग ओठांवर. जुन्या व्याकरणकारांनी हे सगळं आरशाशिवाय मांडलं! लेकाच्या 'प फ ब भ'ला कधीच धक्का नव्हता, तिथे जिभेला कामच नाही. अडायचं ते शेंडा उचलावा लागे तिथे : ट, ण, ळ आणि सगळ्यांत हट्टी 'र'.

६. आता गावात माझी 'जिभेची बाई' झाली आहे. कुणीही तान्हं बाळ आणून त्याची जीभ दाखवतं. मोह होतो, पण मी आवरते. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी बजावलं होतं, पट्टी दिसली की कात्री, असं नसतं. पुष्कळ मुलं आखूड पट्टीनिशी नीट पितात, नीट बोलतात. मूल उशिरा बोलतंय, त्याचं कारणही सहसा ही पट्टी नसते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०२४ मध्ये हेच सांगितलं : आधी अंगावर पाजण्याची अडचण नीट तपासा, मदत करा. कापल्यानंतर तान्ह्यांच्या जिभेखाली बोट घालून ताण देण्याचा फायदाही सिद्ध झालेला नाही. मोठ्या, समजत्या मुलाचे उच्चाराचे व्यायाम ही वेगळी गोष्ट. म्हणून मी एवढंच विचारते, "दूध नीट ओढतंय ना?"

७. आमचा भूगोल 'र'ने भरलेला आहे. मामाचं गाव भोर, तिथली नदी नीरा, तिच्या उपनदीवरचं धरण भाटघर, दारातून दिसतो तो तोरणा. सावकाश म्हटलं तर लेक आता 'तोरणा' म्हणतो. भांडताना मात्र 'तोयना'च होतो. त्यात २०२४ मध्ये सरकारने आमच्या तालुक्याचं नाव वेल्ह्याऐवजी राजगड करायचं ठरवलं. किल्ल्याचा अभिमान त्यालाही आहे, पण आम्ही सगळे सवयीने अजून वेल्हेच म्हणतो आणि त्याचं फावतं. कंडक्टरने विचारलं की माझ्या आधी तोच ओरडतो, "दोन हाफ, वेल्हे!"