एक राऊटर बंद पडला तरी कारभार चालू राहावा

एका घाऊक दुकानात बारा संगणक आहेत असे समजा. बिले, मालाची नोंद, बँकेचे व्यवहार, जी.एस.टी.ची विवरणपत्रे, सर्व काही इंटरनेटवरून चालते. ऐन सणाच्या गर्दीत राऊटर बंद पडतो. कपाटात दुसरा राऊटर आहे, पण तो जोडून देणारा माणूस यायला दोन तास लागतात. तोवर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलेले असते. असा प्रसंग टाळण्यासाठी काय करावे, ते आज पाहू.

प्रथम अडचण समजून घ्या. प्रत्येक संगणकाला बाहेर जाण्याचा एकच पत्ता दिलेला असतो. त्यास गेटवे म्हणतात. समजा तो १९२.१६८.१.१ आहे. हा पत्ता असलेला राऊटर बंद पडला की शेजारी दुसरा राऊटर चालू असला तरी संगणकाला त्याची खबर नसते.

यावरचा उपाय म्हणजे व्हर्च्युअल राऊटर रिडंडन्सी प्रोटोकॉल, थोडक्यात व्ही.आर.आर.पी. इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सने हा नियम एप्रिल १९९८ मध्ये प्रसिद्ध केला आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली. सिस्को कंपनीची एच.एस.आर.पी. ही अशीच पद्धत त्याआधीची आहे. यात गेटवेचा पत्ता एका राऊटरचा न राहता दोघांचा सामायिक होतो. दुकानाची पाटी तीच राहते, फक्त गल्ल्यावर बसणारा भाऊ बदलतो.

मांडणी अशी करावी :

१) पहिल्या राऊटरला १९२.१६८.१.२ आणि दुसऱ्याला १९२.१६८.१.३ हा स्वतःचा पत्ता द्या.

२) दोघांत एकच गट क्रमांक टाका आणि १९२.१६८.१.१ हा सामायिक पत्ता नोंदवा. संगणकांना गेटवे म्हणून हाच पत्ता मिळाला पाहिजे.

३) पहिल्याला प्राधान्य १२० आणि दुसऱ्याला १०० द्या. मोठा आकडा असलेला राऊटर मुख्य ठरतो.

मुख्य राऊटर दर सेकंदाला 'मी चालू आहे' असा संदेश पाठवतो. संदेश थांबले की दुसरा राऊटर सुमारे ३.६ सेकंदांत सामायिक पत्ता आपल्याकडे घेतो. संगणकांना हात लावावा लागत नाही. मात्र दोन राऊटर दोन वेगळ्या लाइनींवर असतील तर त्या क्षणी चालू असलेला व्यवहार तुटू शकतो. तो पूर्ण झाला की नाही हे तपासूनच पुन्हा करावा.

आता तीन चुका ध्यानात ठेवा. पहिली : राऊटर चालू, पण बाहेरची लाइन तुटलेली. अशा वेळी संदेश जातच राहतात आणि दुसरा राऊटर स्वस्थ बसतो. म्हणून लाइनवर लक्ष ठेवण्याची सोय चालू करा. लाइन गेली की पहिल्याचे प्राधान्य ३० ने उतरून ९० व्हावे, म्हणजे १०० वाला पुढे येतो. दुसरी : दोन्ही राऊटर एकाच प्लगवर, एकाच स्विचला आणि एकाच कंपनीच्या लाइनवर जोडणे. मग एक बिघाड दोघांनाही बसवतो. तिसरी : खरेदीपूर्वी चौकशी न करणे. घरगुती वापराच्या पुष्कळ स्वस्त राऊटरांत ही सोय नसते. मायक्रोटिकच्या राऊटरांत ती असते. जुन्या संगणकावर लिनक्स टाकून 'कीपअलाइव्हडी' या मोफत प्रोग्रामनेही हे काम होते.

शेवटी परीक्षा घ्या. दुकान बंद असताना पहिल्या राऊटरची वीज काढा आणि संगणकावर इंटरनेट चालते का ते पाहा. वीज परत देऊन मग फक्त बाहेरची लाइन काढा आणि पुन्हा पाहा. तारीख व निकाल वहीत लिहून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी हीच परीक्षा घ्या. परीक्षा न घेतलेला दुसरा राऊटर कपाटातल्या राऊटरसारखाच समजावा.