रक्तवाढीची गोळी आणि सकाळचा चहा

‘तीन महिने गोळ्या घेतल्या, तरी एचबी साडेनऊच्या वर सरकत नाही. आता सलाईनमधूनच लोह द्या.’ ही मागणी घेऊन येणाऱ्या बायकांना मी आधी विचारतो : गोळी कधी घेता? उत्तर ठरलेलं. सकाळी, लोकल गाठायच्या घाईत, चहाबरोबर. काही जणी कॅल्शियमची गोळीही त्याच घोटात उरकतात. चहा आणि कॅल्शियम, दोन्ही लोहाच्या वाटेत आडवे येतात. गोळी पोटात जाते, पण त्यातलं फारच थोडं लोह रक्तापर्यंत पोचतं.

दुसऱ्या काही जणी गोळी मधेच सोडून देतात. मळमळ होते, पोट बिघडतं आणि डोंबिवली-सीएसएमटी लोकलमध्ये शौचालय नाही. मला हे कारण अगदी पटतं. अशांनी गोळी घरी घेऊच नये. ऑफिसात अकराच्या सुमारास, डबा उघडण्याआधी तासभर, पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा आधी-नंतर दोन तास नको. तरीही मळमळलं तर जेवणानंतर घ्या. लोह थोडं कमी लागेल, पण गोळी बंद पडण्यापेक्षा ते बरं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर हवं.

सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेतल्या म्हणून रक्त दुप्पट वेगाने वाढत नाही. एक गोळी पोटात गेली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि पुढचा साधारण दिवसभर आतडं लोह कमी शोषतं. लोह कमी असलेल्या तरुणींवर झालेल्या आणि २०१७ साली ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त आलेल्या अभ्यासात एकाआड एक दिवस गोळी घेणाऱ्यांचं शोषण रोज घेणाऱ्यांपेक्षा चांगलं निघालं. पोटालाही ते सोसवतं. तुमच्या डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा. गरोदर बायकांनी मात्र हा प्रयोग करू नये. ६० मिलिग्रॅम लोहाची सरकारी लाल गोळी त्यांनी चौथ्या महिन्यापासून रोज, किमान १८० दिवस घ्यायची असते. पालिकेच्या दवाखान्यात ती फुकट मिळते.

शौचाला काळी होणं हा गोळीचाच रंग, घाबरू नका. डांबरासारखी चिकट आणि दुर्गंधी असेल तर लगेच दाखवा. महिन्याभरात एचबी एक-दोन ग्रॅमने वाढायला हवं. बारा झालं की बहुतेक जणी थांबतात आणि वर्षभरात पुन्हा दवाखान्यात येतात, कारण शरीरातला साठा, म्हणजे फेरिटिन, भरलेलाच नसतो. त्यासाठी पुढे आणखी तीन महिने गोळी हवी. बीट आणि खजूर खुशाल खा, पण नऊचं बारा त्यांच्या जोरावर होणार नाही.

नियमाने घेऊनही एचबी हलत नसेल तर थॅलेसेमिया मायनरची तपासणी करा. उल्हासनगरच्या सिंधी आणि आपल्याकडच्या कच्छी कुटुंबांत तो बराच आढळतो. यात तांबड्या पेशी लहान दिसतात, पण लोह बहुधा पुरेसं असतं आणि गोळ्यांचा उपयोग होत नाही. लग्नाआधी ही तपासणी झालेली उत्तम : दोघेही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता चारात एक.

आणि पुरुषांना किंवा पाळी गेलेल्या बाईला लोहाची कमतरता निघाली, तर नुसत्या गोळ्या घेऊन घरी जाऊ नका. मूळव्याध, अल्सर किंवा आतड्याचा कर्करोग यांपैकी काही आहे का, रक्त कुठून जातंय, ते शोधून घ्या.